पुन्हा पुन्हा तेच रुग्ण

दुर्मिळ आजाराचे रुग्ण मोजकेच असतात, म्हणून प्रत्येक नवा अभ्यास फिरून त्याच घरांच्या दारात येतो. बुलढाणा जिल्ह्यातील केसगळतीत याची झलक दिसली. डिसेंबर २०२४च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, कठोरा भागात आधी डोक्याला खाज सुटे, मग केस ओढताच मुठीत येत आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडे. आरोग्य विभाग, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), आयुष अशी पथके पाठोपाठ आली. रक्त, लघवी, केस, त्वचेचा तुकडा, शिवाय पाणी, माती, धान्य यांचे नमुने गेले. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्र तपासणी करून रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले. एप्रिल २०२५मध्ये काहींची नखे गळू लागली आणि तपासण्यांचे सत्र पुन्हा सुरू झाले.

सुई टोचून घेणाऱ्याचा त्या दिवसाचा रोज बुडतो. गावाची बदनामी होते ती वेगळीच. अभ्यासालाही फटका बसतो: तीच माणसे, तेच प्रश्न, ठरीव उत्तरे.

संशोधनाचा भार आणि लाभ न्याय्य वाटला जावा, असे आयसीएमआरची २०१७ची नीतितत्त्वे सांगतात. तेव्हा आधीचे नमुने व माहिती पथकांनी आपसांत वापरावी आणि अहवाल रुग्णाला मराठीत द्यावा. नव्याने रक्त मागण्याचा हक्क त्यानंतरचा.