उचलणे सोपे, सोडणे कठीण

बारीक हिरा चिमट्याला चिकटून बसतो, हे हिरे व्यापाऱ्यांच्या परिचयाचे आहे. श्रवणयंत्रासारख्या उपकरणांचे सूक्ष्म भाग जोडणाऱ्या स्वयंचलित यंत्रांपुढेही हीच अडचण उभी राहते. वस्तूची प्रत्येक बाजू दशांश झाली की वजन हजारावा हिस्सा उरते. पृष्ठभाग मात्र शंभरावा. म्हणून ०.१ मिलिमीटरहून लहान भागावर गुरुत्वाकर्षणापेक्षा स्थिरविद्युत, ओलावा व रेणूंचे आकर्षण प्रबळ ठरते. यंत्र भाग उचलते. परंतु तो सुटत नाही, सुटला तरी जागा चुकतो. हवा कोरडी केल्यास ओलावा हटतो, स्थिरविद्युत वाढते. म्हणून चिमट्याची टोके खडबडीत करतात, जेणेकरून स्पर्श कमी होतो. दुसरा मार्ग अधिक सुंदर आहे: ठरलेल्या जागी द्रवाचा थेंब ठेवतात आणि पृष्ठताणच भागाला नेमक्या स्थानी ओढून घेतो. अडवणारे बळच अखेर साहाय्यक होते.