दत्तकपण आणि दत्तक

दत्तक म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें गादी, वतन आणि वंशाचा दिवा हींच प्रथम उभीं राहतात. वर्ध्याला तर याचें नामांकित उदाहरण घरचेंच आहे. सीकरजवळच्या एका खेड्यांत १८८९ सालीं जन्मलेले जमनालाल बजाज बालपणींच शेठ बच्छराजांच्या घरीं नातू म्हणून दत्तक आले. त्याच जमनालालांनीं १९२० सालीं नागपुरास, आपणांस पांचवा पुत्र मानावें, अशी विनवणी गांधीजींना केली. पहिलें दत्तविधान पेढीच्या वारसासाठीं होतें. दुसरें कोणत्याहि कायद्यांत न बसणारें, केवळ मनाचें. पुढें जमनालालांच्याच आग्रहानें गांधीजी वर्ध्यास आले, आणि १९३६ सालीं ज्या शेगांवांत त्यांनीं बिऱ्हाड केलें, तें १९४० पासून सेवाग्राम झालें.

त्या सेवाग्रामांत रुग्णालयाच्या नोकरीमुळें स्थायिक झालेलें एखादें ख्रिस्ती दांपत्य आज दत्तकाची तयारी करूं लागलें, तर त्यांच्यापुढें गादीहि नाहीं व पेढीहि नाहीं. पौलाच्या पत्रांच्या मराठी भाषांतरांत ‘दत्तकपण’ हा शब्द येतो, आणि माणूस हा देवाच्या घरचें दत्तक लेकरूं आहे हें त्यांनीं लहानपणापासून ऐकलेलें असतें. नवल असें कीं, धर्मग्रंथांत असलेला हा शब्द त्यांच्या आईबापांच्या पिढीला कायद्यांत मात्र सांपडत नसे. १९५६ चा दत्तक कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता होता. ख्रिस्ती दांपत्यानें अनाथालयांतून मूल आणलें, तर १८९० च्या कायद्यान्वयें तीं दोघें केवळ पालक ठरत व मूल पाल्य. तें सज्ञान झालें कीं पालकत्व संपे. मृत्युपत्र केलेलें नसेल, तर ज्या घरांत तें वाढलें त्या घरावर त्याचा हक्क पोंचत नसे. ज्या हातांनीं त्याला न्हाऊंमाखूं घातलें, त्यांनाच कागदावर आई म्हणवून घेतां येऊं नये, ही विटंबना लहान नव्हती.

सर्वांसाठीं एक दत्तक कायदा करण्याचा प्रयत्न १९७२ सालीं संसदेंत झाला, पण तो तडीस गेला नाहीं. अखेर २००० च्या बालन्याय कायद्यानें वाट उघडली, २००६ च्या दुरुस्तीनें दत्तक मुलास औरस मुलाचे सर्व हक्क मिळाले, आणि २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ही वाट कोणत्याहि धर्माच्या माणसास मोकळी असल्याचें स्पष्ट केलें.

मोकळी झाली तरी ती सोपी नाहीं. नांव नोंदवून कागदपत्रें दिल्यावर समाजसेविका घरीं येते. मिळकत, प्रकृति, आजीआजोबांचें मत, सारें ती विचारते. आणि तिला दाखवावयास घर झाडूनपुसून ठेवणाऱ्या बाईला, आपण परीक्षेस बसलों आहों, असें वाटल्यावांचून राहत नाहीं. वयाचाहि हिशेब असतो. दोन वर्षांपर्यंतच्या बालकासाठीं पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ हून अधिक चालत नाहीं. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठीं ही मर्यादा ९० आहे. उपचार आणि नवस यांत वर्षें घालविलेल्या जोडप्याच्या वयांची बेरीज ८७ भरली, कीं विणून ठेवलेलीं तान्ह्याचीं टोपडीं पेटींत परत जातात.

मग विचार निराळेच सुरू होतात. तीन वर्षांचें मूल येईल तें रिकाम्या पाटीसारखें येणार नाहीं. त्याला एक नांव असेल, आणि हांक मारतांच तें त्या नांवाला वळून पाहत असेल. बाप्तिस्म्याच्या वेळीं नवें नांव द्यावें, असें आजीला वाटतें. आईला वाटतें, त्याच्याजवळ स्वतःचें म्हणून एवढेंच आहे, तें कां काढून घ्यावें? येथें आईचेंच म्हणणें खरें मानावें लागेल. आपण दत्तक आहों हें मुलाला शेजाऱ्याच्या तोंडून कळण्याआधीं घरांतच, गोष्ट सांगावी तसें, सांगावयाचें हेंहि ठरवावें लागतें. फारोच्या मुलीनें वाढविलेल्या मोशेची गोष्ट ज्या घरांत रोजच्या बोलण्यांतली आहे, तेथें हें सांगणें त्यामानानें सोपें जावें.

प्रतीक्षा कित्येकदां वर्षानुवर्षें चालते. एके दिवशीं एका बालकाची माहिती व छायाचित्र येतें, आणि ४८ तासांत होकार कळवावा लागतो. मूल घरीं येतें, तें प्रथम तात्पुरत्या संगोपनासाठीं. पूर्वी शेवटचा हुकूम न्यायालय देई; सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हादंडाधिकारी देतात. मूल घरीं आल्यापासून दोन वर्षें, दर सहा महिन्यांनीं, त्याची विचारपूस होत राहते. हुकूम झाल्यावर जन्माचा नवा दाखला मिळतो, आणि आईबापांच्या रकान्यांत त्या दोघांचीं नांवें लिहिलेलीं असतात.