डब्यावरची तारीख, व्हाउचरवरचं कारण

ब्रिटनमधल्या फूड बँकेत दान म्हणून आलेला माल आधी वजनकाट्यावर जातो. किती किलो आला ते वहीत चढलं की टेबलावर एकेक डबा फिरवून बारीक अक्षरात छापलेली तारीख शोधायची, ती जाड मार्करनं झाकणावर ठळक लिहायची आणि महिना-वर्ष पाहून डबा त्या-त्या क्रेटमध्ये लावायचा. शिवणीवर चेपलेला डबा बाजूला काढायचा. दोन तास हेच काम चालतं. नोकरीनिमित्त त्या देशात गेलेल्या माणसानं तिथल्या गरजूंसाठी काही करायचं ठरवलं, तर या टेबलापाशी दर आठवड्याला ठरल्या वेळी उभं राहण्याइतकं उपयोगी काम क्वचितच सापडेल. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना स्वयंसेवेसाठी वर्षाकाठी एखादा दिवस भरपगारी रजा देतात. ते चांगलंच आहे, पण एका दिवसापुरत्या आलेल्यांना काम समजावून सांगण्यातच निम्मा वेळ जातो. कुठल्या फळीवर मसूर आहे आणि दूध कधी संपत आलंय, हे नेमानं येणाऱ्यालाच ठाऊक असतं.

ट्रसेल या संस्थेची पहिली फूड बँक 2000 साली सॉल्सबरीत सुरू झाली. तिच्या पद्धतीत डॉक्टर, शाळा, सल्ला केंद्र अशा कुणीतरी माणसाची अडचण समजून घेऊन व्हाउचर द्यायचं आणि त्यावर किमान तीन दिवसांचं अन्न मिळायचं. त्यात पास्ता, तांदूळ, कडधान्यांचे डबे, टिकाऊ दूध, चहा असं सामान असतं. पण एकच पिशवी सगळ्यांना चालत नाही. कुणी लॉजच्या खोलीत राहतं, कुणाच्या घरचा गॅस तोडलेला असतो. अशांसाठी काही ठिकाणी केवळ किटलीतल्या उकळत्या पाण्यावर होईल असंच सामान वेगळं भरतात. कडी ओढून उघडणारा डबा कोणता आणि ओपनर लागणारा कोणता, हेही बघावं लागतं. भुकेल्या माणसाच्या हातात न उघडणारा डबा देणं म्हणजे त्याला रिकाम्या हातानं परत पाठवण्यासारखंच आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की हे काम मुळात सरकारचं आहे. स्वयंसेवक ते करत राहिले की सरकार सुटतं. आक्षेप खरा आहे. 2023-24 या एका वर्षात ट्रसेलच्या फूड बँकांनी 31 लाखांहून अधिक पार्सलं दिली, त्यांतली 11 लाखांहून अधिक मुलांसाठी होती. एका श्रीमंत देशाला हे आकडे शोभत नाहीत. पण हे आकडे आपल्याला कळले, ते टेबलापाशी कुणीतरी मोजत होतं म्हणूनच. व्हाउचरवर नावाबरोबर अडचणीचं कारणही नोंदवलं जातं. युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता सुरू होताना पहिला हप्ता हाती यायला सहा आठवडे लागत होते. त्या काळात माणसं फूड बँकेच्या दारात येतात, हे ट्रसेलनं 2017 साली आपल्या नोंदींच्या आधारे मांडलं. त्या मुद्द्यावर इतरांनीही आवाज उठवला आणि 2018 मध्ये सहाचे पाच आठवडे झाले. पाच आठवडेही फार आहेत, आणि मध्ये मिळणारी उचल पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. तरी एक आठवडा कमी झाला, तो एका घराच्या चुलीला मोठाच. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे, या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. देणाऱ्याचं नाव जरूर झाकावं. मात्र भुकेचं कारण झाकलं तर ती दरवर्षी त्याच दारात येत राहील.

दुसरा आक्षेप घरचा असतो: मेळघाटात मुलं कुपोषित असताना परक्या देशात डबे कशाला लावायचे? मेळघाटाला पैसे पाठवता येतात आणि पाठवावेतच. पण रोजचे आठ तास जिथं जातात, ज्या गावच्या रस्त्यानं, दवाखान्यानं आपलं चालतं, तिथं हाताशी असलेले दोन तास पोस्टानं मेळघाटात जात नाहीत. शिवाय स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेला मराठी माणूस तिथं आयकर भरतो, पण व्हिसाच्या अटीनुसार सरकारी भत्त्यांवर त्याचा सहसा हक्क नसतो. अशा माणसाची नोकरी गेली, तर युनिव्हर्सल क्रेडिटचं दार त्याला बंद असतं. फूड बँक मात्र सरकारी निधीत मोडत नाही. तिथं व्हिसा आड येत नाही. त्यामुळे टेबलाच्या अलीकडे उभा असलेला स्वयंसेवक आणि पलीकडे पिशवी घ्यायला आलेला माणूस यांच्या व्हिसावरची अट एकच असू शकते.