स्वयंचलनाची फिरती प्रयोगशाळा

औद्योगिक स्वयंचलन शिकवू पाहणाऱ्या संस्थेपुढे पहिली अडचण उभी राहते ती ही की, ज्या यंत्रसमूहावर ही विद्या प्रत्यक्ष राबते तो वर्गात आणता येत नाही, आणि चालत्या कारखान्यात नवशिक्या विद्यार्थ्याला तारांना हात लावण्याची मुभा कोणी देत नाही. या पेचातून निघालेल्या साधनांपैकी, एका माणसाला उचलून नेता येईल अशी पेटीच्या आकाराची पीएलसी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, म्हणजे प्रोग्रामनुसार चालणारा नियंत्रक) ट्रेनर किट मला विशेष मोलाची वाटते. कारण काय लहान करावे आणि काय मुळीच लहान करू नये, याची कठोर पारख तिच्या रचनाकाराला पदोपदी करावी लागते.

पीएलसीचा जन्मच मुळी जागेच्या आणि तारांच्या जाचातून झाला. मोटारीचे मॉडेल बदलले की रिलेंनी भरलेल्या कपाटांचे वायरिंग नव्याने करावे लागे. सबब जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये पर्याय मागविला आणि डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेले ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र पुढल्याच वर्षी तेथे रुजू झाले. आज तोच नियंत्रक तळहातावर मावतो, म्हणूनच पेटीची कल्पना शक्य झाली.

परंतु नियंत्रक मावला म्हणून बाकीचा सरंजामही खेळण्यातला घ्यावा, हे मला मान्य नाही. पुश बटणे कारखान्यातील पॅनेलवर असतात तीच, २२ मिलिमीटरची असावीत. नियंत्रक व रिले ३५ मिलिमीटरच्या रेलवरच बसवावेत. आणि विद्यार्थ्याचा हात जेथे जेथे पोहोचतो तेथे २४ व्होल्ट डीसीपलीकडे काही असू नये, याचा पक्का बंदोबस्त असावा. जोडणीसाठी ४ मिलिमीटरचे सॉकेट सोयीचे खरे, त्यांमुळे नियंत्रकाचे स्क्रू झिजत नाहीत आणि तासाभरात तीन प्रयोग उरकतात. तथापि ज्याने तारेच्या टोकाला फेरूल दाबून ती स्क्रूखाली कधी आवळलीच नाही, त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी अडखळावे लागते. म्हणून टर्मिनलांची एक तरी पट्टी उघडी ठेवावीच.

पेटीचे खरे सामर्थ्य दिसते ते बिघाडांत. मोटार थांबविण्याचे बटण विद्यार्थी बहुधा नॉर्मली ओपन प्रकारचे जोडतो. दाबले की मोटार थांबते, आणि त्याचे समाधान होते. अशा वेळी शिल्पनिदेशकाने त्या बटणाची तार हळूच सोडवावी आणि पुन्हा बटण दाबावयास सांगावे. मोटार फिरतच राहते! स्टॉपचे बटण नॉर्मली क्लोज्ड का असावे, म्हणजे तार तुटताच यंत्र आपोआप का थांबावे, हे त्या क्षणी जसे उमगते तसे फळ्यावरच्या आकृतीने उमगत नाही. पुढचा गोंधळही तेथेच सुटतो: बटण क्लोज्ड असल्याने निरोगी स्थितीत इनपुट सतत चालू असते, म्हणून पीएलसीच्या लॅडर प्रोग्राममध्ये त्याच बटणासाठी ओपन कॉन्टॅक्टचे चिन्ह काढावे लागते. आणीबाणीच्या लाल बटणाला मात्र प्रोग्रामच्या मर्जीवर सोडू नये. त्याने आउटपुटांचा पुरवठाच थेट तोडावा.

तीच गोष्ट ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेताची. टाकीतील पाण्याच्या पातळीऐवजी पेटीत एक फिरवावयाची खुंटी असते. ती शून्य पातळीवर आणली की ४ मिलिअँपिअर वाहतात, तार तुटली की शून्य. रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांतील हा भेद ० ते २० च्या संकेतात कळत नाही. असे बिघाड घडविणारे स्विच कुलूपबंद झाकणाखाली असावेत, किल्ली निदेशकाकडे असावी, आणि विद्यार्थ्याने मल्टिमीटर घेऊन दोष हुडकावा. ज्या पेटीत ही तजवीज नाही ती कितीही देखणी असली तरी अपुरीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरला प्रश्न वाहतुकीचा. पॉवर सप्लायसारखे जड भाग, पेटी उभी धरली असता तळाशी येतील असे बसवावेत, आणि झाकणाची बिजागरी लॅपटॉप ठेवण्यापुरती तरी भक्कम असावी. एसटीच्या किंवा जीपच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतातच. तेव्हा नव्या गावी पेटी उघडल्यावर वीज देण्यापूर्वी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहण्याचे काम विद्यार्थ्यांकडेच सोपवावे, कारण कारखान्यातही नवे पॅनेल आले की आरंभ त्यांना यापासूनच करावयाचा असतो.