घरच्या जिन्याला केबल रेलिंग बसवताय? तार नंतर बघा, आधी खांब बघा

ते रील तुम्हीही बघितलं असेल. मोठ्या खिडक्या, लाकडी पायऱ्या आणि कठड्याच्या जागी नुसत्या चकचकीत आडव्या तारा. मीही ते बघितलं, सेव्ह केलं आणि आमच्या दुधनीच्या घराच्या बाहेरच्या जिन्याला असंच करायचं ठरवून टाकलं. स्लॅब पडून दोन वर्षं झाली होती, जिना तसाच उघडा होता. दिवाळीला ताई येणार होती आणि तिची मुलगी आता अडीच वर्षांची झाली होती. आईने सरळ सांगितलं, "कठडा झाल्याशिवाय पोरीला वर सोडायची नाही."

म्हणजे हे फक्त शोभेचं काम नव्हतं. तरी पहिल्या वेळी मी ते शोभेचं समजूनच केलं आणि ते फसलं. काय फसलं ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

सहावी तार ताणली आणि पहिली ढिली झाली

गावातल्या वेल्डर काकांना मी रील दाखवलं. त्यांनी नेहमीच्या रेलिंगला वापरतात तो ४० बाय ४० चा हलका चौकोनी पाइप घेतला, खांब उभे केले आणि भोकं पाडली. वरचा आडवा पाइप नंतर बसवू म्हणालो. मी तारा ओवल्या आणि वरून एकेक ताणायला सुरुवात केली. पहिली मस्त कडक झाली, दुसरीही. सहाव्या तारेला पाना लावला आणि सहज पहिलीला हात लावला, तर ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत होती. ती पुन्हा कसली तर तिसरी ढिली. अर्धा तास हाच खेळ चालला. शेवटी लांबून बघितलं तेव्हा दिसलं की दोन्ही टोकांचे खांब आत वाकले होते.

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तम्मा, हे तर द्राक्षाच्या मांडवासारखंच हाय की."

मित्रांनो, सगळ्या विषयाचं सार त्या एका वाक्यात होतं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्षबागा सगळ्यांनी बघितल्या आहेत. मांडवाच्या मधल्या अँगलवर फक्त वजन असतं, पण ओळीच्या टोकाच्या अँगलला सगळ्या तारा एकाच बाजूला ओढत असतात. म्हणून तो बाहेरच्या बाजूला तिरका लावतात आणि मागून तारेने जमिनीत गाडलेल्या दगडाला बांधतात. विजेच्या लाइनच्या शेवटच्या खांबाला ताण दिलेला असतो तोही याच कारणाने. मधल्या खांबाला दोन्हीकडून सारखी ओढ असते, टोकाच्याला एकाच बाजूने.

आता आकडे बघू. केबल रेलिंगची एक तार साधारण १०० किलोच्या ताणावर ठेवतात. आमच्या जिन्याला १२ तारा आहेत. म्हणजे टोकाच्या एका खांबाला १२०० किलोची ओढ, छोट्या हॅचबॅक गाडीच्या वजनापेक्षा जास्त! आणि ही ओढ कोणी रेलून उभं राहिल्यावरची नाही, ती रात्रंदिवस चालू असते. ४ मिलिमीटरची चांगली तार तुटायला टनापेक्षा जास्त ओढ लागते, त्यामुळे तार तुटेल का ही काळजी सोडा. खांब वाकेल का आणि बोल्ट उपटेल का, हे विचारा.

दुसऱ्या वेळी आम्ही टोकाचे खांब ६० बाय ६० चे, ४ मिलिमीटर जाडीचे घेतले. आणि तारा ओवायच्या आधी वरचा आडवा पाइप सगळ्या खांबांना पक्का वेल्ड केला. हा पाइप नुसता हात धरायला नसतो. दोन टोकांचे खांब एकमेकांकडे झुकायला बघतात, तेव्हा तो मध्ये टेकू म्हणून उभा राहतो. मधले खांब जुनेच, हलके, दर तीन फुटांवर ठेवले. त्यांचं काम तारा जागेवर धरायचं.

बोल्ट नक्की कशात चाललाय?

आमच्याकडे पायऱ्यांवर शहाबादी फरशी असते. शहाबाद याच रेल्वे लाइनवर, कलबुर्गीच्या पुढे. मग दुसरं काय बसवणार? पण फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दीड-दोन इंच जातात. अँकर बोल्ट तेवढाच आत गेला तर त्याने काँक्रीट धरलेलंच नसतं. वर फरशीच्या कडेला ड्रिल मारलं की ती तडकते. आम्ही खांबांच्या जागची फरशी काढली, खाली काँक्रीट लागल्यावर प्लेट बसवली आणि १२ मिलिमीटरचे चार बोल्ट मारले, स्लॅबच्या कडेपासून चार इंच आत.

ज्यांचं घर जुनं आहे, दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद, त्यांनी या भिंतीत टोकाचा खांब अडकवायचा विचारही करू नये. मातीच्या जोडाला एवढी ओढ झेपत नाही. तिथे साधा उभ्या गजांचा कठडाच बरा.

३०४, ३१६, २०२ आणि लोहचुंबकाची भानगड

सोलापुरात दुकानदाराने तारेला लोहचुंबक लावून दाखवला. "चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल ३०४." ही चाचणी फसवी आहे. २०२ ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजाला लवकर बळी पडतं. उलट अस्सल ३०४ ची बारीक तार ओढून बनवताना तिच्यात थोडं चुंबकत्व येऊ शकतं. म्हणजे चुंबकाने खोटं पास होतं आणि खरं नापास!

मग ओळखायचं कसं? स्टेनलेस तपासायचं लिक्विड मिळतं, सोबत ९ व्होल्टची बॅटरी असते. थेंब टाकून बॅटरी लावली की २०० सीरिजवर तो लालसर होतो. बिलावर ग्रेड लिहून घ्या आणि मोठी खरेदी असेल तर मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी ते चांगलं. रत्नागिरी, अलिबाग, मुंबईवाल्यांनी तेच घ्यावं. दुधनीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे. इथे ३०४ पुरतं, जास्तीचे पैसे खांबात घाला. जीआय तार स्वस्त मिळते, पण भोकांत घासून जस्त गेलं की तिथूनच गंज धरतो. प्लास्टिकचं कव्हर असलेली तार तर नकोच, आत पाणी शिरलं तर बाहेरून कळत नाही.

तारेची वीणही विचारा. १×१९ म्हणजे १९ तारांचा एकच पीळ, ताठ आणि कमी ताणली जाणारी. रेलिंगला हीच हवी. ७×१९ मऊ असते, पुलीवरून फिरवायला चांगली, पण ताणली जाते.

एक गंमत सांगतो. आमच्या ३०४ च्या तारांवरही पहिल्या पावसात तांबूस ठिपके आले. मी दुकानदाराला मनात शिव्या घातल्या. नंतर कळलं, चूक आमचीच. तारा बसवल्यावर शेजारीच लोखंडी गेटला ग्राइंडर मारला होता. उडालेले लोखंडाचे कण तारांवर बसले आणि गंजले ते कण. स्टेनलेससाठीच्या क्लीनरने पुसल्यावर ठिपके गेले. लोखंडाचं कटिंग, वेल्डिंग, रंग आधी संपवा, मगच तार उघडा.

फोनचा खरा उपयोग इथे

जिन्यावर तार तिरकी जाते, त्यामुळे भोकंही तिरकी लागतात. लेव्हल ॲप उघडून फोन पायऱ्यांच्या उतारावर ठेवलेल्या सरळ पट्टीवर ठेवला की कोन मिळतो. मधल्या खांबांच्या भोकांत प्लास्टिकचे बुश घाला, नाहीतर स्टेनलेस तार लोखंडाचा रंग खरवडते आणि तिथे गंज सुरू होतो.

ताण मोजायला मी आधी ट्यूनर ॲप वापरलं. तार छेडायची आणि सूर बघायचा, तंबोऱ्यासारखं. पण आवाज इतका खर्जातला की ॲप गोंधळलं. मग साधा उपाय केला. दोन खांबांच्या बरोबर मध्ये, तारेला सुतळीने ५ किलो तांदळाची पिशवी टांगली. (तार तिरकी असल्याने सुतळी घसरते, टेप गुंडाळा.) फोन स्टँडवर ठेवून, मागे मोजपट्टी धरून आधी-नंतर फोटो काढले. खांबांत ३६ इंच अंतर असेल आणि तार ११ मिलिमीटर खाली आली, तर ताण साधारण १०० किलो. २२ आली तर निम्माच.

कसताना मधल्या तारांपासून सुरुवात करा, मग एक वरची, एक खालची. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा, नवी तार थोडी बसते.

आता आपला उन्हाळा. स्टेनलेस तार तापल्यावर लोखंड आणि काँक्रीटपेक्षा जास्त वाढते. जानेवारीच्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ३५ अंशांचा फरक धरला, तर ५ मीटरच्या तारेत साधारण १ मिलिमीटर जास्तीची वाढ होते. ऐकायला काहीच नाही. पण १०० किलोच्या ताणाने ती तार मुळात जेमतेम ५ मिलिमीटर ताणलेली असते, म्हणजे पाचवा हिस्सा ताण गेला! सहा मिलिमीटरच्या आट्यांचा टर्नबकल असेल तर एका पूर्ण वळशाला तार २ मिलिमीटर खेचली जाते, म्हणजे अर्धा वळसा पुरतो.

आणि मग भाची आली

कठड्याची उंची साडेतीन फूट ठेवली. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती मीटरभरापेक्षा कमी नको. तारांत अंतर ३ इंच. अमेरिकेतल्या घरांच्या नियमात कठड्यातून ४ इंचांचा गोळा जाता कामा नये असं आहे. पण तार गुडघ्याने दाबली की फट वाढते, म्हणून ४ न ठेवता ३.

मी खूश होतो. ताई आली. भाचीने वर पोचल्यावर पहिलं काय केलं असेल? सगळ्यात खालच्या तारेवर पाय ठेवला, मग दुसरीवर. आडव्या तारा म्हणजे लहान मुलांसाठी तयार शिडी. रीलमध्ये हे कोणी सांगत नाही, कारण रीलमधल्या घरात अडीच वर्षांचं कोणी नसतं.

ताई काही बोलली नाही, तिने पोरीला उचलून आत नेलं. दुसऱ्या दिवशी मी काकांना परत बोलावलं. वरच्या चौकातल्या, म्हणजे जिथून पडलं तर थेट दहा फूट खाली, तिथल्या तारा काढल्या आणि उभे गज लावले, तीन इंचांच्या फटीने. उतारावर तारा ठेवल्या, पण भाची इथे असते तेव्हा आतून पारदर्शक पॉलिकार्बोनेटची शीट बांधतो. दिसायला रीलसारखं राहिलं नाही. आई म्हणते, आता कुठे कठडा दिसतोय.

एप्रिलमध्ये वरच्या चार तारांना अर्धा वळसा द्यावा लागला. पाना जिन्याखालच्या खिळ्यालाच टांगून ठेवलाय.