साठ यार्डांच्या आत

नाताळ उरकला, की दुसऱ्याच दिवशी पेन्सिल्व्हेनियात ठासणीच्या बंदुकीने हरीण मारायचा हंगाम लागतो. काडतूस नाही, दुर्बीण नाही. बार चकमकीच्या ठिणगीवरच उडाला पाहिजे, असा कायदाच. १९७४पासून तो वेगळा हंगाम आहे. आमच्या गल्लीतले एक निवृत्त फिटर दरवर्षी जातात. त्यांच्या बंदुकीच्या कानात, म्हणजे नळीच्या बत्तीच्या भोकात, खोचलेलं पक्ष्याचं पीस पाहिलं आणि मीही मागे लागलो. (पीस अशासाठी, की बार भरताना कान बुजू नये.)

भरायचं सावकाश: सत्तर ग्रेन दारू, चरबी लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी, वरून गज. लांब नळीच्या ह्या रायफली अठराव्या शतकात इथल्याच लँकेस्टर भागातल्या जर्मन कारागिरांनी घडवल्या. ही त्यांचीच नक्कल. "साठ यार्डांपलीकडे मी चाप ओढत नाही," ते म्हणाले. जंगलात शिरताना पुन्हा तेच: साठ यार्ड.

पहिली मादी दिसली ती साठच्या बरीच पलीकडे. त्यांनी घोडासुद्धा चढवला नाही. कोकणात रानडुकरांपासून शेत राखायला परवान्याची ठासणीची बंदूक असते, पण तिथे हरणावर ती रोखली तर तुरुंग. इथे तीच शिस्तीचा खेळ झाली आहे. शिस्त खरी होती, हे मात्र मान्य.

दुपारी बर्फ वितळून झाडं ठिबकू लागली. दुसरी मादी चाळिसाच्या आत आली. घोडा पडला, रंजक (कानाबाहेरची पेटवणीची दारू) भडकली. रंजक पेटल्यावर बार उडेपर्यंत क्षणभर जातो आणि तेवढा वेळ नळी हलू द्यायची नसते. सारं कसब तिथे. तो क्षण लांबला. बार उडालाच नाही. मादी कधीच पसार झाली होती, ते मात्र उशिरा का होईना उडेल म्हणून नळी तशीच रोखून उभे. मला मनातून बरं वाटलं.

मग सुईने कान साफ करून, नवी रंजक घालून त्यांनी बार मातीच्या बांधात रिकामा केला. धूर, आणि सडक्या अंड्याचा वास. जॅकेटला तो दोन धुण्यांनंतरही होता.

नळी त्याच रात्री गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर गंजते. गॅरेजमध्ये काळं पाणी ओतताना शेजारच्या फ्रीझरकडे माझं लक्ष गेलं: दुर्बिणीच्या रायफलने आधीच मारलेल्या हरणाचं मांस त्यात भरलेलं होतं. मग ही अडचण कोणासाठी, हरणासाठी की तुमच्यासाठी, असं मी विचारलं.

"गारगोटी बोथट झालीय," ते म्हणाले आणि नवी शोधायला लागले.