घड्याळाशी शर्यत : शंकूंचा मार्ग आणि शंकरपट

वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील आसेगाव हे वऱ्हाडातील गाव. या मुलखात शर्यत म्हटली की शंकरपट आठवतो. हलक्या छकड्याला जुंपलेली बैलांची जोडी, तिला हाकणारा धुरकरी आणि आखून दिलेले सरळ अंतर, एवढीच त्याची सामग्री असते. जोडी एकटी धावो वा शेजारी दुसरी असो, तिची खरी स्पर्धा सेकंदांशी असते. याच तत्त्वावर हौशी मोटारचालकांची एक स्पर्धा उभी आहे. तिला ‘ऑटोक्रॉस’ म्हणतात. भारतात हे नाव बहुधा मातीच्या मार्गावरील स्पर्धेस दिले जाते. येथे मात्र फरसबंद मैदानावर शंकू मांडून आखलेल्या मार्गाचा प्रकार अभिप्रेत आहे. हे दोन खेळ शेजारी ठेवून पाहिले असता एक मूलभूत प्रश्न स्पष्ट होतो: सेकंद वाचविण्यासाठी स्पर्धकाने कशाची किंमत मोजावी, आणि कोणती किंमत मोजण्याची मुभाच त्याला नसावी?

शंकूंच्या स्पर्धेचा प्रसार प्रामुख्याने अमेरिकेत झाला. तेथे १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ या स्पर्धा ‘सोलो’ या नावाने भरवितो. जुनी धावपट्टी किंवा वाहनतळाचे विस्तीर्ण पटांगण निवडून त्यावर रबरी वा प्लॅस्टिकचे शंकू मांडतात. चालक प्रथम पायी फिरून मार्ग ध्यानात घेतात व नंतर एकेक गाडी सोडली जाते. गाड्यांचे वर्ग पाडलेले असल्यामुळे साधी घरगुती मोटारही आपल्या वर्गात जिंकू शकते. प्रत्येकास ठराविक फेऱ्या मिळतात व त्यांतील उत्तम वेळ धरली जाते. ज्यांची पाळी नसते ते स्पर्धक मैदानात उभे राहून पडलेले शंकू पुन्हा जागेवर ठेवतात. शंकू पडला, अथवा आखलेल्या चौकटीबाहेर सरकला, तर प्रत्येकी २ सेकंद वेळेत मिळवितात. मार्गातील एखादे द्वारच चुकले तर ती फेरी ग्राह्य धरली जात नाही.

या २ सेकंदांचे महत्त्व थोड्या गणिताने समजते. वळणावर गाडीला मार्गावर धरून ठेवणारे बल टायर व जमीन यांमधील घर्षणातून मिळते. म्हणून वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागले असता येणारे त्वरण हे घर्षणांक व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकारापेक्षा अधिक होऊ शकत नाही. घर्षणांक ०.९ मानला तर १० मीटर त्रिज्येच्या वळणावर कमाल वेग ताशी सुमारे ३४ किलोमीटर, तर २० मीटर त्रिज्येच्या वळणावर सुमारे ४८ किलोमीटर येतो. त्रिज्या दुप्पट झाली तरी वेग दुप्पट होत नाही. अंतर मात्र दुप्पट होते. त्यामुळे शंकूला वळसा घालून परत फिरताना लहान अर्धवर्तुळास सुमारे ३.३५ सेकंद लागतात व मोठ्यास ४.७३. वेगवान भासणारी वाट येथे हळू ठरते. वळणानंतर लांब सरळ पट्टा असेल तर बाहेर पडतानाचा वेगही हिशेबात घ्यावा लागतो. पण मूळ न्याय बदलत नाही.

आता १०.५ मीटरऐवजी १० मीटरवरून, म्हणजे शंकूच्या अर्धा मीटर अधिक जवळून वळल्यास लाभ होतो सुमारे ०.०८ सेकंदाचा. शंकूला धक्का लागल्यास हानी होते २ सेकंदांची. म्हणजे असे धाडस २५ पैकी निदान २४ वेळा साधणार असेल तरच ते फायद्याचे. दंडाने धाडस निषिद्ध केलेले नाही. त्याचे मोल ठरविले आहे. पडलेला शंकू पुन्हा उभा करता येतो, म्हणूनच असा व्यवहार योग्य ठरतो.

शंकरपटात हा व्यवहार लागू पडत नाही, कारण तेथे वेग देणारे यंत्र नसून प्राणी आहे. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील घाटातही, जेथे गाड्याला चार बैल जुंपून पुढे घोडी धरतात व एका वेळी एकच गाडा सोडतात, घड्याळ केवळ अंतर व काळ मोजते. बैल स्वभावतः धावला की पराणीच्या वेदनेने धावला, हे त्यास कळत नाही. किंबहुना वेदनेने वेळ सुधारत असेल तर घड्याळ क्रूरतेलाच बक्षीस देते. तेव्हा ही उणीव नियमानेच भरून काढावी लागते.

गेल्या काही वर्षांतील न्यायालयीन वादाचे मर्म हेच आहे. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने खेळ-प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांत बैलाचा समावेश झाला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीस अनुकूल नाही असे नमूद करून, जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही निषिद्ध ठरविल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. तथापि प्रत्यक्ष शर्यतींस वाट मोकळी झाली ती १६ डिसेंबर २०२१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने. १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली. नियमांमुळे प्राण्यांच्या यातना मोठ्या प्रमाणात कमी होतात, ही भूमिका त्या निर्णयाच्या मुळाशी आहे.

हे नियम सेकंदांच्या भाषेत बोलत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, धाव १००० मीटरपेक्षा लांब नसावी, काठी, चाबूक वा विजेचा धक्का वापरू नये, असे ते सांगतात. उल्लंघनास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कारावास आहे. चाबकाच्या फटक्याबद्दल दोन सेकंद वाढविण्याची तरतूद कोणी केली असती, तर पुरेसा वेगवान बैल असलेल्या मालकाने ते सेकंद सुखाने मोजले असते.

एका खेळात चुकीला किंमत आहे, दुसऱ्यात कृत्याला मनाई आहे. पहिल्यात हिशेब चालकाचा असतो व फळही त्यालाच भोगावे लागते. दुसऱ्यात धावणारा जीव हिशेबात सहभागी नसतो. म्हणून पटाची प्रतिष्ठा उत्तम वेळेच्या नोंदीवर जितकी अवलंबून आहे, त्याहून अधिक ती वेळ कशी साधली हे पाहणाऱ्या, धुरकऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवणाऱ्या पंचावर अवलंबून आहे.